चारशे अकरावा

११ नोव्हेंबर, सोमवार

चारशे अकरापैकी चारशे दहा माणसं जिवंत आहेत, आणि आमच्याकडून घरी गेल्यावर त्यांच्यातल्या एकालाही हृदयविकाराचा झटका आलेला नाही. दुपारी हे सांगितलं तेव्हा डॉ. लुणावत खुर्चीतून उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले. पाठमोरेच म्हणाले, "दीपमाला, परत एकदा सांग." मी परत सांगितलं.

उरलेला एक फोन उचलत नाही. भटू तोताराम सैंदाणे, वय अडुसष्ट, मुक्काम एरंडोल. फोन वाजतो, वाजत राहतो, बंद पडतो.

परवा राकेशचा पुण्याहून फोन आला होता, आईच्या एका गोळीचं नाव विचारायला. नाव सांगून झाल्यावर म्हणाला, ताई, तू तिथे नेमकं करतेस तरी काय? मी सांगायला लागले तोवर त्याला दुसरा फोन आला. अर्धवट राहिलेलं इथे पुरं करते. छातीत दुखतं म्हणून माणूस आमच्या हॉस्पिटलला आला की त्याचा ईसीजी काढतात आणि रक्त तपासतात. हृदयाच्या स्नायूला इजा झाली असेल तर ट्रोपोनिन नावाचं प्रथिन रक्तात वाढतं. पूर्वी ते पाहायला माणसाला दिवसभर ठेवून घ्यायचे, कधी दोन दिवस. आता जास्त बारीक मोजणारी चाचणी आली आहे. आमचा अभ्यास असा, की या चाचणीने एकदा आणि तासाभराने पुन्हा रक्त पाहायचं. दोन्ही वेळा ठीक आलं, ईसीजीही ठीक असला, तर त्याला लगेच घरी सोडायचं. खाट खऱ्या गरजूला मिळते. घरी गेलेला माणूस महिन्याने कसा आहे हे फोनवर विचारणं माझ्याकडे. जळगावात इतक्या लोकांची खुशाली विचारणारी दुसरी बाई नसेल.

१४ नोव्हेंबर

सर म्हणाले, "संपर्क तुटला, असं नोंदव त्याच्यापुढे. एवढ्यांत एक चालतो. नियमात बसतं."

नियमात बसतं हे खरं आहे. फेब्रुवारीत परिषद आहे, त्याआधी शोधनिबंध जायला हवा. सर तीन वर्षं यामागे आहेत. त्यांच्या वडिलांची, घेवरचंदजींची, डाळमिल आहे. घरच्यांना वाटत होतं मुलगा मोठं हॉस्पिटल बांधेल, आणि हे रक्ताच्या नळ्या मोजत बसले.

मी म्हटलं, "रविवारी मी एरंडोलला चाललेच आहे. चौकशी करून येते." चालले नव्हते. पण आमचंच गाव आहे, तासाभराची बस. चारशे अकरावा रकाना रिकामा ठेवणं मला पटत नाही. आकडा पुरा हवा, एवढंच.

कुंदाबाईंनी खालून भरीत पाठवलं होतं. वाटी द्यायला गेले तर त्यांच्याकडे पाहुणे बसलेले, हसण्याचा आवाज जिन्यापर्यंत येत होता. वाटी दारात ठेवून वर आले. घरमालकीण म्हणून बाई चांगली आहे.

१७ नोव्हेंबर, रविवार

एरंडोलमध्ये भटू सैंदाणे कोणालाच माहीत नाही. ग्रामीण रुग्णालयात विचारलं, रेशनच्या दुकानात विचारलं, बस स्टँडवरच्या चहावाल्याला विचारलं. एक म्हातारे म्हणाले, या नावाचा एक सालदार पूर्वी पद्मालयाच्या रस्त्यावरच्या मळ्यात होता, बायको इथलीच, पार्वता. वीस वर्षं झाली त्यांना जाऊन. कुठे गेले? "पोट घेऊन गेलं तिकडे गेले, ताई."

येताना आमच्या गल्लीतून आले. घराला कुलूप. बाबा गेल्यापासून आई राकेशकडेच असते आणि किल्ली त्याच्याजवळ आहे. ओट्यावर कोणीतरी ज्वारीचा कडबा रचून ठेवलाय. शेजारच्या ताईबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "कोण पाहिजे?" मी सांगितलं कोण ते. त्या म्हणाल्या, "अगं बाई, ओळखलंच नाही. केस कापले का?" केस सहा वर्षांपूर्वी कापलेत, संसार मोडून पुण्याहून परत आले तेव्हा.

चहाला थांब म्हणाल्या. बस चुकेल म्हणून निघाले. बसला वेळ होता.

२१ नोव्हेंबर

फोन उचलला गेला!

मी रोज लावत होते. आज पलीकडून एक मुलगी चिडून बोलली. "कोण आहात तुम्ही? अनोळखी नंबर मी उचलत नाही, पण किती लावाल?" तिचं नाव प्राची, शिरपूरला फार्मसीला आहे. तिने ऑगस्टमध्ये सिमकार्ड घेतलं तेव्हा हा नंबर मिळाला. भटू सैंदाणे कोण, तिला माहीत नाही. मी माफी मागितली आणि ठेवणार, तेवढ्यात ती म्हणाली, "थांबा. कोणी म्हातारे बाबा आहेत का ते?"

एक बाबा तिला फोन करायचे. अहिराणी बोलायचे. दर वेळी एकच विचारायचे, "पार्वता शे का?" सुरुवातीला ती राँग नंबर सांगायची. पण ते पुन्हा करायचे. "मग एकदा माझ्या तोंडून निघून गेलं, शेतात गेल्यात. तर 'बरं' म्हणून ठेवून दिला. मग मी तेच सांगायला लागले. चुकलं का हो माझं?"

मी विचारलं, शेवटचा फोन कधी आला होता? दसऱ्याच्या आदल्या दिवशी. नंतर एकदाही नाही. "मलाच आता वाटतं, करावा त्यांनी."

ते कोणत्या नंबरवरून करायचे तो तिने दिला.

भटू सैंदाणे आमच्याकडे आले तो दिवस घटस्थापनेचा. म्हणजे त्यानंतर काही दिवस तरी ते होते. मग गप्प.

२२ नोव्हेंबर

नंबर नरडाण्याच्या एका किराणा दुकानाचा. मालक बन्सीलाल. "भटू आबा? हो, माझ्याकडूनच करायचे फोन." तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, आणि "तुम्ही याच ना," म्हणून त्याने ठेवून दिला. आहेत की नाहीत, हे विचारायचंच राहिलं. परत लावला तर लागेना.

प्रयोगशाळेतल्या प्रशीलला सांगितलं. तो म्हणाला, "रविवारी मी येऊ का सोबत?" मी म्हटलं, कशाला, पॅसेंजरने जाऊन येते. त्याला सुट्टी एकच असते.

२४ नोव्हेंबर, रविवार

सगळं नीट लिहायला हवं.

गाडी वेळेवर होती. धरणगाव, अमळनेर गेलं, पुढे दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस. नरडाण्याला उतरले. बन्सीलालचं दुकान स्टेशनच्या रस्त्यालाच. त्याने आधी मला पाणी दिलं आणि मग सांगितलं, "आहेत. दसऱ्याला मोठा अटॅक आला त्यांना. धुळ्याला ठेवलं होतं. आता परत आलेत, त्या बंद कंपनीच्या फाटकावर. पण त्यांच्यात काही राहिलं नाही, ताई."

मी हातातला ग्लास खाली ठेवला. चारशे दहा आणि एक.

औद्योगिक वसाहतीच्या टोकाला ती कंपनी आहे. बंद पडून काही वर्षं झाली, मालकाने राखणदार म्हणून आबांना ठेवलंय. पत्र्याची खोली, बाहेर खाट. ते खाटेवर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून. श्वासाचा आवाज फाटकापर्यंत येत होता. मला चेहरा आठवला नाही. इतक्या लोकांशी बोलले, पण त्यांचा चेहरा आठवला नाही.

"कोन शे?"

"भटू आबा ना? मी जळगावहून आले, दवाखान्यातून. घट बसले त्या दिवशी तुम्ही आला होतात."

त्यांनी मला निरखून पाहिलं. "कोनी धाडं तुले?"

"कोणी नाही. मीच आले."

"मनाकरता? इतली लांब?" आणि खाटेवर सरकून त्यांनी मला जागा केली.

पार्वताबाई गेल्या वर्षी गेल्या. मूलबाळ नाही. तिचं वर्ष सरल्यावर ते एरंडोलला तिच्या माहेरच्या देवाला नारळ वाहायला निघाले होते. जळगाव स्टेशनवर उतरले आणि छातीत दुखायला लागलं. रिक्षावाल्याने आमच्याकडे आणून सोडलं. पत्ता विचारला तेव्हा जिथे निघाले होते ते गाव सांगितलं. नंबर विचारला तेव्हा पाठ असलेला एकच नंबर होता, तिचा.

मी हळूच विचारलं, त्या गेल्या आहेत हे माहीत असून फोन का लावता?

"माले म्हाईत शे ती गई. पन नंबर लागस ना. लागस म्हनीसन लावस." थांबून म्हणाले, "ती पोर सांगे, वावरमा गई शे. माले बरं वाटे."

मग मी माझे प्रश्न काढले. विचारायचे असतात तसे विचारले. घरी गेल्यावर पुन्हा दुखलं का? कधी? किती वेळ?

दसऱ्याच्या सकाळी. छातीवर दगड ठेवल्यासारखं. घामाने सदरा ओला झाला. हात जड झाला.

"मग तुम्ही काय केलंत आबा?"

"काय करसू? बठी ऱ्हायनू."

"दवाखान्यात का नाही गेलात? बन्सीलालना हाक मारायची."

ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मीच काही वेड्यासारखं विचारलंय. "तुम्हीनच सांगं व्हतं ना. तुना काळीजले काही व्हयेल नही, निश्चिंत घर जाय. मंग कसाले जावानं? मी म्हंतं, दवाखानावालासनी सांगं शे, म्हंजे काही नही. दुखस तं दुखू दे." आणि थोड्या वेळाने, अगदी साधेपणाने, "परत ये म्हनीसन कोनी सांगंच नही."

ते दिवसभर आणि सगळी रात्र तसेच बसून होते. दुसऱ्या दिवशी पहाटे दुधाच्या टेम्पोवाल्याने पाहिलं आणि धुळ्याला नेलं. तोवर हृदयाचा बराच भाग कायमचा निकामी झाला असणार. हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. मीही नाही सांगितलं.

"तुमच्या हृदयाला काही झालेलं नाही, निश्चिंत घरी जा." हे वाक्य आमच्या छापील कागदावर आहे. प्रत्येकाला ते वाचून दाखवतो. लोक ऐकून हसतात, काही जण तर पाया पडतात. घट बसले त्या दिवशी ड्युटी माझी होती.

निघताना म्हणाले, "जेवनी का?" मी हो म्हटलं. खोटं होतं, पण त्यांच्या चुलीवर एकच भाकरी दिसत होती.

२५ नोव्हेंबर

सरांना सांगितलं. 

"चाचणी चुकलेली नाही," ते म्हणाले. "त्या दिवशी त्याला झटका नव्हताच. हृदयाची नळी आधीच अरुंद असणार, गुठळी नंतर झाली. झटका आहे की नाही, एवढंच आपण पाहत होतो."

"हो सर."

"मग?"

"महिन्याच्या आत झटका आला तर तो धरायचा, असं आपल्या नियमात आहे."

"मला माहीत आहे, दीपमाला. तो नियम मी लिहिलाय." आवाज चढला होता, त्यांनीच तो खाली आणला. "तुला शोधायला कोणी सांगितलं होतं?"

काल आबांनीही हेच विचारलं होतं, कोणी धाडलं. मी फाइल उचलून बाहेर आले.

२७ नोव्हेंबर

प्रशीलच्या मोटरसायकलवरून धुळ्याला जाऊन आबांचे कागद पाहिले. त्याला तिकडे कोणाला तरी भेटायचं होतं म्हणे, पण माझं काम होईपर्यंत वेळ गेला आणि त्याचं भेटणं राहूनच गेलं. मला वाईट वाटलं. कागदांत शंकेला जागा नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचा ईसीजी पाहिला की विद्यार्थीही सांगेल.

परतताना पारोळ्याला चहा घेतला. प्रशील म्हणाला, "तुम्ही फार एकट्या पडता हो सगळ्यात." मी म्हटलं, मला सवय आहे, उलट बरं पडतं. त्याने उरलेला चहा एका घोटात संपवला. दमला असेल.

२९ नोव्हेंबर

हॉस्पिटलभर झालंय. आज कॅन्टीनमध्ये एक ज्युनियर डॉक्टर हसत म्हणाला, "मॅडम, अजून एखादा शोधून आणू नका." सगळे हसले. मीही हसले. मग डबा घेऊन टेबलावर आले आणि तिथेच खाल्लं.

सर तीन दिवस माझ्याशी बोललेले नाहीत. निबंध गेलेला नाही.

मी केलं ते बरोबर केलं का? एक नाव "संपर्क तुटला" म्हणून राहिलं असतं तर कोणाचं काय बिघडलं असतं? आबांचं तरी काय फिरलं? त्यांचं हृदय मी शोधण्याआधीच गेलं होतं. हेच प्रश्न दोन दिवस डोक्यात आहेत. विचारायला कोणी असतं तर विचारलं असतं. राकेशला फोन लावला, मीटिंगमध्ये होता.

२ डिसेंबर, सोमवार

सर आज माझ्या टेबलाशी आले. आजवर मीच केबिनमध्ये जात आले आहे. प्रशीलने त्यांना खुर्ची दिली, ते बसले नाहीत.

"तो नेमकं काय म्हणाला? त्याच्याच शब्दांत सांग."

सर मारवाडी, पण डाळमिलवर येणाऱ्या शेतकऱ्यांत वाढलेले, त्यांना अहिराणी माझ्याहून चांगली येते. मी सांगितलं. त्यांनी शेवटचं वाक्य स्वतःशी पुन्हा म्हटलं, "परत ये म्हनीसन कोनी सांगंच नही."

मग म्हणाले, "'एकही नाही.' तीन वर्षं हे दोन शब्द मनात घोळवतोय. परिषदेत उभं राहून कसे म्हणायचे तेसुद्धा ठरवलं होतं." आणि हसले. फार थकलेले दिसले. "एक. एकच लिही. आणि त्याच्याखाली मी सगळं लिहीन, आपण त्याला काय सांगून पाठवलं होतं तेही."

माझ्या टेबलावरचा छापील कागद उचलून त्यांनी "निश्चिंत" शब्दावर रेघ मारली. मग आम्ही तिघं त्या एका वाक्याशी संध्याकाळपर्यंत झटत होतो. सर लिहायचे, प्रशील वाचायचा, मी म्हणायचे, हे एरंडोलच्या बाईला कळणार नाही. शेवटी असं ठरलं:

"आज तुम्हाला हृदयाचा झटका आलेला नाही. पुढे येणारच नाही, असं ही तपासणी सांगत नाही. पुन्हा दुखलं, घाम आला, दम लागला, तर घरी बसू नका. लगेच परत या. दहा वेळा आलात तरी चालेल."

दहा वेळा हे प्रशीलचं. सरांना ते शास्त्रीय वाटत नव्हतं, पण राहू दिलं.

६ डिसेंबर

सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याला अभिवादन करायला गेले. गर्दी होती, पांढऱ्या कपड्यांतली घरंच्या घरं आलेली. प्रशील त्याच्या आईला घेऊन आला होता. आईने माझा हात धरला आणि कितीतरी वेळ सोडलाच नाही. "तूच का दीपमाला," म्हणाली. माझं नाव त्यांना कुठून माहीत, कोण जाणे. घरी चल म्हणत होत्या. फोन करायचे आहेत म्हणून हॉस्पिटलला आले.

सरांनी ठरवलंय, घरी पाठवलेल्या प्रत्येकाला पुन्हा फोन करून नवं वाक्य सांगायचं. चारशे दहा फोन. लोक घाबरतात. "पुन्हा का फोन केला? काही निघालं का?" समजावता समजावता घसा बसतो.

१९ डिसेंबर

पाळधीच्या एक बाई म्हणाल्या, "बरं झालं बाई तुम्ही सांगितलं. मला चार दिवस जळजळतंय, पण तुमच्याकडचे तर काही नाही म्हणाले होते." दुपारी त्या आल्या, सोबत अर्धं घर. सगळं तपासलं. पित्तच निघालं. सर मात्र इतके खूश, की त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेले.

संध्याकाळी बन्सीलालच्या दुकानावर फोन लावून आबांना बोलावून घेतलं. आबांचा महिना कधीच संपलाय, अभ्यासाच्या नियमाप्रमाणे त्यांना फोन करायचं आता काही कारण नाही. गोळ्या घेताय ना, एवढंच विचारायचं होतं. गोळ्या संपल्यात. आठवडा झाला. "दुखत नही, मंग कसाले?"

५ जानेवारी, रविवार

नरडाण्याला तिसऱ्यांदा; डिसेंबरातही गोळ्या द्यायला जाऊन आले होते. पुढच्या गोळ्या दिल्या, एकेक दाखवून समजावली. सरांनी सांगितलंय, अँजिओग्राफी करून पाहू, दुसरी नळी तरी वाचवता येईल. सगळं सरकारी योजनेतून होईल.

आबा तयार नाहीत. "मना मांगे कोन शे? कोनाकरता करानं?"

मी म्हटलं, "आबा, असं बोलायचं नाही."

"का नही? तूच सांग. तुना घर कोन शे?"

मी म्हटलं, आई आहे, भाऊ आहे, पुण्याला. ते म्हणाले, पुण्याचं नाही विचारत. मी गोळ्यांची पाकिटं पुन्हा नीट लावत बसले. त्यांनीही विषय सोडला. मग आपणहून म्हणाले, "चाल. तू म्हनस तं करू."

त्यांना असं एकदम काय पटलं, कळलं नाही.

शिरपूरची प्राची आली होती. मीच तिला कळवलं होतं. वह्या छातीशी धरून फाटकाशी उभी, आत यायला धजेना. आबांनी तिचा आवाज ऐकला आणि हसले, मी पहिल्यांदाच त्यांना हसताना पाहिलं. म्हणाले, "हाई तीच. वावरमा गई शे म्हने ती."

२२ जानेवारी

आबा बरे आहेत, हे आधी लिहून ठेवते. एक नळी पूर्ण गेलेली, तिचं काही होणार नाही. दुसरीत स्टेंट बसवला. सर म्हणाले, जपलं तर काही वर्षं जातील. किती, ते म्हणाले नाहीत आणि मी विचारलं नाही.

सकाळी आत नेताना आबांनी स्ट्रेचरवरून मान वळवून शोधलं. "तू जाऊ नको. भायेर बठ."

म्हणून बाहेर बसले. या हॉस्पिटलात मी तीन वर्षं आहे. त्या दाराच्या आत शंभरदा गेले असेन, पण बाहेरच्या बाकावर कधी बसले नव्हते. तिथून ते दार फार मोठं दिसतं. दर थोड्या वेळाने उघडतं आणि सगळ्यांच्या माना वर होतात. आपलं नाव नसलं की पुन्हा खाली.

शेजारी पाचोऱ्याकडचं एक कुटुंब होतं, सासू, सुना, जावई, एक तान्हं मूल. सासूबाईंनी फडक्यातली कळण्याची भाकरी आणि ठेचा माझ्यापुढे केला. "खाऊन घे. आत तुझं कोण आहे?"

मी सांगायला लागले, मी इथेच काम करते, एक अभ्यास होता, त्यातले एक रुग्ण... मधेच थांबले. त्या भाकरी धरून वाट बघत होत्या. म्हटलं, "आबा आहेत."

"वडील?"

"नाही. आबा."

त्यांना तेवढं पुरलं. भाकरी खाल्ली. सकाळपासून पोटात काही नव्हतं, हे तेव्हा कळलं.

प्रशीलची ड्युटी दुपारीच संपली होती, पण बाकाच्या टोकाला तो बसून होता. गाडी बंद पडली असेल. त्याने दोनदा चहा आणला. राकेशला मी काही कळवलं नव्हतं. कळवण्यासारखं काय होतं?

चारच्या सुमाराला दार उघडलं. सिस्टर बाहेर आल्या, हातातला कागद बघत त्यांनी आवाज दिला, "भटू सैंदाणे! भटू सैंदाणेंचं कोण आहे?"

मी सवयीने बाकाकडे पाहिलं, कोण उठतंय ते बघायला. दाराच्या आतून मी नेहमी तसंच पाहते. पाचोऱ्याच्या सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. प्रशीलही बघत होता, माझी पर्स कधीपासून कोण जाणे त्याच्याच मांडीवर होती. कोणीच उठत नव्हतं. सिस्टरनी पुन्हा विचारलं.

मग मी उठले. "मी आहे," म्हटलं.